श्वासाची जाग : अरण्यापासून कचेरीपर्यंत

हें पहिलें वाक्य संपेपर्यंत आपण एकदोन वेळां श्वास घेतला असेल. परंतु ही गोष्ट मीं बोलून दाखवीपर्यंत आपल्यापैकीं बहुतेकांच्या ध्यानांतहि आली नसेल. त्यांत आपला कांहीं दोष नाहीं. जन्मल्या क्षणापासून अहोरात्र चाललेलें हें काम आपल्या लक्षावांचून अडत नाहीं, आणि जें अडत नाहीं त्याकडे पाहण्याची माणसाला संवय नाहीं. मौज अशी कीं, शरीर नेहमीं आतांचाच श्वास घेत असतें. कालचा श्वास आज घेतां येत नाहीं, आणि उद्यांचा आज उसना मिळत नाहीं. मन मात्र क्वचितच त्याच्या जोडीला असतें. आपण पानावर बसतों आणि मनानें कचेरींत असतों. कचेरींत बसतों आणि सकाळीं घरांत झालेल्या वादाचें उत्तर मनांत जुळवीत असतों. हात धुतल्यावर, आज भाजी कोणती होती असें कोणी विचारलें, तर क्षणभर आठवावें लागतें. ही फुटलेली जोडी पुन्हां एकत्र आणण्यासाठीं श्वासाचा उपयोग करावा, ही कल्पना सुमारें अडीच हजार वर्षांची जुनी आहे. तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो सांगतांना एक प्रश्न मात्र सतत पुढें ठेवावयाचा आहे : ही विद्या संसार सोडलेल्यांची, कीं संसारांत असलेल्यांची?

आधीं एक घोटाळा दूर केला पाहिजे. श्वासाचा अभ्यास म्हटला कीं आपल्याकडे प्राणायाम आठवतो. संध्येला बसलेले, नाकपुडीवर बोट धरलेले आजोबा डोळ्यांपुढें येतात. पूरक, कुंभक, रेचक हा सर्व श्वासाला शिस्त लावण्याचा मार्ग आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें आणि त्या वेळीं शरीरांत काय घडतें हें यंत्रांनीं मोजून 'योगमीमांसा' या त्रैमासिकांतून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. तो एका स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. पाली ग्रंथांत त्याला 'आनापानसति' असें नांव आहे. आन म्हणजे आंत येणारा, अपान म्हणजे बाहेर जाणारा, आणि सति म्हणजे स्मृति; पण येथें स्मृति याचा अर्थ मागची आठवण नव्हे, तर चालू क्षणाची जाग. श्वास लांब असला तर लांब आहे हें जाणावें, आंखूड असला तर आंखूड आहे हें जाणावें. त्याला रोखावयाचें नाहीं, लांबवावयाचें नाहीं, सुधारावयाचें तर मुळींच नाहीं. येथें बुद्धानें काताऱ्याचा दृष्टांत दिला आहे. कसबी कातारी लांकूड फिरवितांना लांब ओढ घेतो तेव्हां ती लांब आहे हें त्याला ठाऊक असतें, आंखूड घेतो तेव्हां ती आंखूड आहे हें ठाऊक असतें. दृष्टांत राजाचा नाहीं, ऋषीचा नाहीं, कारागिराचा आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मज्झिमनिकायांतील ज्या सुत्तांत ही साधना सविस्तर आली आहे त्यांत तिच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. चार शरीराच्या, चार वेदनांच्या, चार चित्ताच्या आणि चार धर्मांच्या, म्हणजे वस्तुजाताच्या अनित्य स्वरूपाच्या. हें सुत्त श्रावस्तीस कार्तिकी पौर्णिमेच्या रात्रीं सांगितलें गेलें असें त्यांतच म्हटलें आहे. परंतु मला या चांदण्यांतल्या प्रसंगापेक्षां वैशालीचा दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. संयुत्तनिकाय आणि विनय या दोहोंत तो आहे. बुद्धानें भिक्षूंना शरीराच्या अमंगलतेवर ध्यान करावयास शिकविलें आणि स्वतः पंधरा दिवस एकांतांत गेला. परत येऊन पाहतो तों संघ विरळ झालेला. त्या ध्यानानें कित्येकांना आपल्या देहाची इतकी किळस आली कीं त्यांनीं जीवितच संपविलें होतें. आनंदानें विनंती केली कीं, भगवंतांनीं आतां दुसरा कांहीं मार्ग सांगावा. तेव्हां बुद्धानें श्वासाच्या जागृतीचा उपदेश केला. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यांत उडालेली धूळ अवकाळीं आलेल्या मोठ्या पावसानें जशी जागच्या जागीं बसते, तसें या साधनेनें मन निवतें, असें त्यानें सांगितलें. ज्यानें वैशाखांतला वळीव अनुभवला आहे त्याला या उपमेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या कथेंत एक कठोर प्रामाणिकपणा आहे. ध्यानानें अनर्थहि घडूं शकतो, सगळें औषध सगळ्यांना मानवत नाहीं, हें त्या ग्रंथकारांनीं लपविलें नाहीं. ध्यान म्हणजे निव्वळ आराम अशी समजूत करून घेणाऱ्या आपल्या काळानें ही गोष्ट पुन्हां वाचावी.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आरंभीं ही विद्या केवळ भिक्षूंची होती काय? तसें म्हणतां येत नाहीं. चंपानगरींत पेस्स नांवाचा माहुताचा मुलगा बुद्धाला भेटतो आणि म्हणतो कीं, आम्ही पांढरीं वस्त्रें नेसणारे गृहस्थहि वेळोवेळीं चित्त स्मृतिप्रस्थानांत, म्हणजे शरीर-मनाच्या जागृतींत, स्थिर करीत असतों. हत्तींच्या पागेंत वाढलेल्या मुलाचे हे उद्गार आहेत. कुरुदेशाची, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या बाजूची, कथा तर याहून गोड आहे. अट्ठकथेंत असें वर्णन आहे कीं, तेथें पाणवठ्यावर आणि सूत कांतण्याच्या जागींहि बायका एकमेकींना, बाई, तुझी कोणती साधना चालली आहे, असें विचारीत. आणि एखादीनें कांहींच नाहीं असें म्हटलें कीं तिची चांगलीच कानउघाडणी होई. एवढ्यावर न थांबतां भिक्षुणींच्या आश्रमांतल्या एका पोपटाची गोष्ट येते. त्याला 'हाडें, हाडें' एवढाच पाठ दिलेला. एके दिवशीं ससाण्यानें त्याला उचललें. श्रामणेरींनीं आरडाओरडा करून सोडविलें, आणि त्या वेळीं तुझ्या मनांत काय होतें असें विचारलें. पोपटानें सांगितलें कीं, हाडांचा एक सांगाडा हाडांच्या दुसऱ्या सांगाड्याला घेऊन चालला आहे, एवढाच विचार मनांत होता. पोपटाची साक्ष इतिहासकारानें मानावी असें मी म्हणत नाहीं. परंतु ती गोष्ट लिहिणाऱ्याला ही विद्या पाणवठ्यापर्यंत गेलेली असावी असें वाटत होतें, एवढें त्यावरून खास ठरतें.

पुढें मात्र ती पाणवठ्यावरून उठली आणि डोंगरावर गेली. पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत अनुराधपुर येथें बुद्धघोषाचार्यांनीं 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. आनापानावरचें त्यांतील विवेचन अत्यंत बारीक आहे. नवशिक्यानें श्वास मोजावेत. पण पांचाच्या आंत थांबूं नये आणि दहाच्या पुढें जाऊं नये. प्रथम मोजणी धान्य मापणाऱ्यासारखी सावकाश असावी. माप रितें करून पुढचें भरीपर्यंत तो जसा तोच आंकडा घोळवीत राहतो, तशी. आपल्याकडचा 'लाभ' म्हणून मोजणीस आरंभ करणारा मापारी ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें चित्र ओळखीचें वाटेल. मग गोठ्याच्या दारांत खांबावर बसून एकेका गाईमागें एकेक खडा टाकणाऱ्या गुराख्यासारखी मोजणी जलद व्हावी. पुढें मोजणी सुटते आणि साधक नगराच्या देवडीवाल्यासारखा होतो. आंत गेलेला कोण, बाहेर राहिलेला कोण, याची चौकशी देवडीवाला करीत बसत नाहीं. दारांत जो येईल तेवढाच त्याचा. तसें श्वास जेथें नाकाला स्पर्श करतो तेथेंच लक्ष ठेवावें, त्याच्या मागें आंत-बाहेर धांवूं नये. हा प्रयोग कोणीहि आपल्या खोलींत करून पाहावा. मोजणी पांचापर्यंत पोंचण्यापूर्वींच वाण्याची उधारी आठवते, असा माझा तरी अनुभव आहे.

इतके घरगुती दृष्टांत देणाऱ्या त्याच आचार्यांनीं एक अट मात्र अशी घातली कीं, तिनें गृहस्थाला दार बंद झालें. स्त्री-पुरुषांच्या, हत्ती-घोड्यांच्या आवाजांनीं गजबजलेला गांवाचा शेजार सोडल्यावांचून ही साधना साधणें कठीण आहे, कारण आवाज हा ध्यानाचा कांटा आहे, असें त्यांचें म्हणणें आहे. अरण्य, झाडाचा बुंधा, किंवा ओस घर हींच तिचीं स्थानें ठरलीं. आपल्या कान्हेरीच्या डोंगरांतल्या एकएकट्या कोठड्या आणि त्यांतले दगडी ओटे पाहिले म्हणजे या व्यवस्थेचें रूप डोळ्यांनीं दिसतें. व्यापाऱ्यांनीं दान द्यावें, भिंतीवर आपलें नांव कोरून घ्यावें आणि बंदराकडे परत जावें. भिक्षूनें ओट्यावर बसावें. एकानें पुण्य जोडावें, दुसऱ्यानें ध्यान करावें, अशी ही वांटणी शतकानुशतकें टिकली. सिंहलद्वीप, सयाम, ब्रह्मदेश येथेंहि सामान्य गृहस्थाचा धर्म म्हणजे दान, शील आणि उपोसथ. ध्यानाची वाट फारच थोड्यांची. आणि भिक्षूंतहि बहुतेकांचा काळ ग्रंथ पाठ करण्यांत जाई.

ही वांटणी मोडली ती एका राज्याच्या नाशानें. आणि त्या नाशाची एक खूण आपल्या कोंकणांत आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्यें इंग्रजी फौजा मंडालेस पोंचल्या. थिबा राजा आपल्या राणीसह कैद झाला, १ जानेवारी १८८६ रोजीं त्याचें राज्य इंग्रजी मुलुखांत सामील झाल्याची घोषणा झाली, आणि त्याच सालीं राजाला रत्नागिरीस आणून ठेवण्यांत आलें. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तेथील थिबा राजवाडा १९१० सालीं पुरा झाला. १९१६ सालीं राजा रत्नागिरींतच वारला. आपण त्या वाड्याकडे एका दुर्दैवी राजाचें घर म्हणून पाहतों. ब्रह्मी लोकांच्या दृष्टीनें मात्र सिंहासनाबरोबर आणखी कांहीं तरी गेलें होतें. थिबाचा बाप मिंडोन यानें १८७१ सालीं मंडालेस धर्मसंगीति भरविली होती. सबंध त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतलें होतें. धर्माचा रक्षक राजा, अशी त्या समाजाची घडी होती. राजाच गेला, मग धर्म कोण राखणार?

या प्रश्नाला ज्यानें उत्तर दिलें त्याचें नांव लेडी सयाडो. सयाडो म्हणजे आचार्य भिक्षु. लेडी हें ज्या अरण्यांत त्याचा विहार होता त्याचें नांव. जन्म १८४६, मृत्यु १९२३. मंडालेच्या विहारांत शिकलेला हा प्रकांड पंडित राज्य बुडाल्यावर मोनीवा गांवाजवळच्या त्या रानांत जाऊन राहिला. सामान्यतः अशा वेळीं पंडित रानांत गेला कीं तो जगाला विटला असें आपण समजतों. लेडी सयाडोनें उलट केलें. त्यानें सोप्या ब्रह्मी भाषेंत लहान लहान पुस्तकें लिहिलीं, गांवोगांव प्रवचनें केलीं, गृहस्थांचीं अभ्यासमंडळें काढलीं. अभिधर्मासारखा दुर्घट विषय त्यानें बाजारपेठेंतल्या स्त्री-पुरुषांपुढें ठेवला. राजा नसेल तर प्रत्येक घरानें धर्माचा थोडा थोडा भार उचलावा, असा त्याचा रोख होता असें अलीकडचे संशोधक दाखवितात, आणि तें मला पटतें. 'आनापानदीपनी' हें त्याचें पुस्तक याच खटाटोपाचा भाग. ज्याला इच्छा आहे त्या गृहस्थानेंहि याच जन्मीं श्वासापासून आरंभ करावा, पुढच्या जन्माची वाट पाहूं नये.

याच काळांत आपले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते. १९०८ ते १९१४ हीं त्यांच्या कारावासाचीं वर्षें. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं 'गीतारहस्य' लिहिलें आणि ज्ञान झालेल्यानेंहि कर्म सोडूं नये असा सिद्धांत मांडला. त्यांचा आणि लेडी सयाडोचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. पण एकाच मुलुखांत, एकाच परसत्तेखालीं, एक कैदी संन्यासमार्गाकडून कर्माकडे विद्या ओढीत होता आणि एक भिक्षु विहाराकडून घराकडे ती नेत होता, हा योग मनांत राहतो.

लेडी सयाडोचा एक शिष्य शेतकरी होता. रंगूनच्या दक्षिणेस, नदीपलीकडे, आठ मैलांवर प्याब्वेजी नांवाचें खेडें आहे. तेथें १८७३ सालीं जन्मलेल्या या माणसानें लहानपणीं बाप गमावला, चौदाव्या वर्षीं भाताच्या गाड्या हांकल्या, सोळाव्या वर्षीं लग्न केलें. १९०३ मध्यें पटकीची सांथ आली आणि तींत त्याचा मुलगा व मुलगी दोघेंहि गेलीं. त्यानंतर तो शांतीच्या शोधांत घराबाहेर पडला. कित्येक वर्षें आनापानाचा अभ्यास करून, लेडी सयाडोच्या पायांशीं बसून, तो गांवीं परतला. आणि १९१४ च्या सुमारास शेतावरच्या एका पडवीवजा धर्मशाळेंत नातलगांना व शेतमजुरांना शिकवूं लागला. लोक त्याला सया तैजी म्हणत; सया म्हणजे नुसता शिक्षक. अंगावर चीवर नाहीं, मागें विहार नाहीं, आणि तरी ध्यानाचा गुरु! त्या काळच्या ब्रह्मदेशांत ही गोष्ट साधी नव्हती. मुलें मेलेल्या बापाला श्वास पाहण्यांत काय सांपडलें हें तो कोठें लिहून गेला नाहीं; पण पुढें १९४५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तो तेंच शिकवीत राहिला.

आतां ज्या माणसासाठीं हें भाषण मुख्यतः करावेंसें वाटलें तो येतो. ऊ बा खिन हा रंगूनच्या गरीब वस्तींत १८९९ सालीं जन्मला. महालेखापालाच्या, म्हणजे सरकारी हिशेबतपासणीच्या, कचेरींत तो कारकून म्हणून लागला आणि १९२६ मध्यें हिशेबखात्याची परीक्षा पास झाला. ब्रह्मदेश त्या वेळीं हिंदुस्थान सरकारचा एक प्रांत होता, आणि जमाखर्चाचे तेच तक्ते, तेच लाल शेरे, तीच 'खुलासा व्हावा' ही भाषा रंगूनच्या त्या टेबलांवरहि चाले. जानेवारी १९३७ मध्यें सया तैजीच्या एका शेतकरी शिष्यानें सहज बोलतां बोलतां त्याला आनापानाची रीत सांगितली. करून पाहिली, मन चटकन् स्थिरावलें. आठवड्याच्या आंत दहा दिवसांची रजा टाकून गृहस्थ निघाले. ओहोटीची वेळ असल्यानें होडी अर्ध्या वाटेवरच अडली. काठावर उतरून, गुडघ्यापर्यंत चिखलांतून चालत, भातखाचरें तुडवीत हा सरकारी हिशेबनीस शेतकरी गुरूच्या दारीं उभा राहिला. १ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानांतून वेगळा झाला. नव्या लेखापरीक्षण कचेरींत ऊ बा खिनला बढती मिळाली. रजा संपली होती. साधना संपली नव्हती.

१९४१ सालीं तो रेल्वेच्या हिशेबखात्याचा अधिकारी म्हणून तपासणीच्या दौऱ्यावर होता. मंडालेच्या दक्षिणेस चौक्से येथें गाडीचा डबा थांबला असतां तो जवळच्या टेकडीवर वेबू सयाडो नांवाच्या भिक्षूच्या दर्शनास गेला. वेबू सयाडो नाकाखालच्या श्वासस्पर्शावांचून दुसरें कांहीं फारसें बोलतच नसे. बोलण्यांत ऊ बा खिनची साधना किती खोल गेली आहे हें त्याच्या ध्यानांत आलें आणि त्यानें सांगितलें कीं, हें आतां तुम्हीं इतरांना शिकविलें पाहिजे, दिरंगाई करूं नये. परत डब्यांत आल्यावर ऊ बा खिननें स्टेशनच्या दुय्यम मास्तराला आनापान शिकविलें. बसावयास आसन नव्हतें. डब्यांतल्या दोन टेबलांचें आसन झालें.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून बुद्धघोषाचार्यांची अट आठवावी. गांवाचा शेजार सोडावा, आवाज हा ध्यानाचा कांटा. आणि येथें काय आहे? हत्ती-घोड्यांच्या जागीं रेल्वेचें स्टेशन; इंजिनांची शिटी, हमालांची हांकाटी, आणि ज्याच्या डोक्यावर गाड्यांच्या वेळापत्रकाचा भार आहे असा माणूस टेबलावर मांडी घालून बसलेला. सुमारें पंधरा शतकांपूर्वीं मिटलेलें दार पुन्हां उघडलें तें कोणत्याहि धर्मपरिषदेंत नव्हे, तर या सरकारी डब्यांत.

महायुद्ध आलें, जपानी आले, गेले. ४ जानेवारी १९४८ रोजीं ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन महालेखापाल झाला. १९५० सालीं त्यानें आपल्याच कचेरीच्या नोकरवर्गासाठीं विपश्यना मंडळ स्थापन केलें. १९५२ मध्यें रंगून शहरांतच ध्यानकेंद्र उभारलें. त्याच्या मध्यभागीं लहानसा पॅगोडा आणि भोंवतीं आठ कोठड्या. कान्हेरीच्या कोठड्याच जणू डोंगरावरून उतरून शहरांत आल्या. एकाच वेळीं एकाहून अधिक सरकारी खात्यांचा भार त्याच्यावर असे आणि सचोटीबद्दल त्याचा दरारा होता. ज्याचें काम दुसऱ्याच्या हिशेबांतली चूक काढण्याचें, त्यानें रोज स्वतःच्या मनाची वही उघडून बसावें, यांत कांहीं विलक्षण आहे असें मला वाटेनासें झालें आहे. तपासनिसाचा पहिला धर्म म्हणजे जें लिहिलें आहे तेंच वाचणें; आपल्याला हवें तें न वाचणें. लांब श्वास लांब म्हणून, आंखूड श्वास आंखूड म्हणून नोंदावा, ही शिस्त त्याला रक्तांत भिनलेली असली पाहिजे.

त्याच्याकडे १९५५ सालीं सत्यनारायण गोयंका नांवाचा एकतीस वर्षांचा मारवाडी व्यापारी आला. त्याचा जन्म मंडालेचाच. अर्धशिशीनें तो हैराण होता. अफूच्या अर्काच्या टोंचणीवांचून डोकें राहत नसे, आणि देशोदेशींच्या डॉक्टरांनीं हात टेकले होते. ऊ बा खिननें त्याला प्रथम नकार दिला. डोकेदुखी बरी करण्यासाठीं येत असाल तर येऊं नका. मन निर्मळ करावयाचें असेल तर या, असा त्याचा आशय होता. हा नकार इतिहासाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवावा. कारण चोवीस वर्षांनंतर, १९७९ मध्यें, अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत जॉन कॅबट-झिन यानें श्वासाच्या जागृतीवर आधारलेला वर्ग सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनीं पिडलेल्या रुग्णांसाठींच. एकानें दुखणाइताला दारांतून परतविलें, दुसऱ्यानें दुखणाइतासाठींच दार उघडलें. दोघांचेंहि म्हणणें समजण्यासारखें आहे. पहिल्याला भीति ही कीं, औषध झालें कीं विद्या औषधाच्या बाटलीएवढी होईल; दुसऱ्याला कळकळ ही कीं, ज्याला दुःख आहे त्यालाच तर तिची गरज. माझा कल पहिल्याकडे आहे, हें कबूल करतों. पण माझें डोकें दुखत नाहीं.

आपल्या मराठी वाचकाला या मार्गाची ओळख पूर्वीं नव्हती असें मात्र नाहीं. गोंव्यांतल्या सांखवाळ गांवीं १८७६ सालीं जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्यें सिंहलद्वीपास जाऊन भिक्षु झाले, पुढें ब्रह्मदेशांतहि राहिले. त्यांचा 'समाधिमार्ग' १९२५ सालीं आला. 'विसुद्धिमग्गा'ची त्यांनीं शुद्ध केलेली देवनागरी आवृत्ति १९४० सालीं मुंबईस निघाली. म्हणजे मापारी आणि गुराखी आपल्या कपाटांत येऊन बसले होते. पण पुस्तकांतून ओळख होणें निराळें, आणि हात धरून बसविणारा माणूस भेटणें निराळें. डॉ. आंबेडकर १९५४ मध्यें जागतिक बौद्ध परिषदेसाठीं रंगूनास गेले, आणि १९५६ सालीं नागपुरास त्यांनीं लक्षावधि लोकांसह धर्मदीक्षा घेतली. त्यांना धर्मांत मुख्यतः समाजाच्या पुनर्रचनेची शक्ति दिसत होती. डोळे मिटून बसण्यांत अन्यायाकडेहि डोळेझांक होते काय, हा प्रश्न त्या बाजूनें आजहि विचारला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. वैशालीची कथा सांगणाऱ्या परंपरेनें तरी तो उडवूं नये.

ब्रह्मदेशांत लष्करी राजवट आली, उद्योगधंद्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि गोयंकांचे कारखाने गेले. आईच्या आजारपणाच्या निमित्तानें जून १९६९ मध्यें ते हिंदुस्थानांत आले. ३ जुलै १९६९ रोजीं मुंबईच्या एका धर्मशाळेंत त्यांचें पहिलें दहा दिवसांचें शिबिर सुरू झालें. आईवडील धरून चौदा माणसें होतीं. दीड वर्षानें, १९ जानेवारी १९७१ रोजीं, ऊ बा खिन रंगूनास वारला. आपल्या देशांत येण्याची त्याची इच्छा पुरी झाली नाहीं.

१९७६ मध्यें इगतपुरीस धम्मगिरि हें केंद्र सुरू झालें. थळघाटाच्या माथ्यावरचें हें गांव निवडण्यांत सोय होती, निसर्ग होता, आणि, मला वाटतें, बुद्धघोषाचार्यांपुढें थोडीशी शरणागतीहि होती. दहा दिवस मौन. वर्तमानपत्र नाहीं, पत्र नाहीं, दूरध्वनि नाहीं. पहिले तीन दिवस केवळ श्वास, मग शरीरावरच्या संवेदनांचें निरीक्षण. आवाज हा कांटा आहे हें जुनें वचन येथें पुन्हां मान्य झालेलें दिसतें. फरक इतकाच कीं, पूर्वीं गांव सोडावा लागे तो जन्माचा. आतां रजा टाकून सोडावा लागतो, आणि परत जाण्याचें तिकीट बहुधा आधींच काढलेलें असतें. घरीं गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावें असें सांगितलें जातें. किती जण बसतात, तें ज्याचें त्याला ठाऊक.

अकराव्या दिवशीं सकाळीं शिबिरार्थी टेकडी उतरून इगतपुरी स्टेशनावर येतात. कोणी बँकेंतला, कोणी शाळेंतली शिक्षिका, कोणी निवृत्त पोलीस अंमलदार. आणि अलीकडे असे तरुण, ज्यांच्या हातांत दहा दिवसांनीं परत मिळालेला दूरध्वनि पुन्हां पुन्हां थरथरत असतो. फलाटावर वडेवाले ओरडत असतात, गाडीला उशीर झाल्याची घोषणा होत असते, घाटांतून चढून आलेल्या मालगाडीचा खडखडाट चाललेला असतो. गांवाचा जो गलबला टाळावयास आचार्यांनीं सांगितलें होतें, तो सगळा तेथें त्यांची वाट पाहत उभा असतो.